एवढ्याशा जाळीची एवढी मजुरी?

हा प्रश्न मी गेली चार वर्षे महिन्यातून एकदा तरी ऐकतो. विचारणारे बदलतात. जाळीच्या जागी कधी बेअरिंग असते, कधी ऑइल सील असते. प्रश्नाचा सूर मात्र ठरलेला. विचारणारा माणूस वाईट नसतो. बहुधा शिकलेला, पगारदार, घरी मुलांना 'कोणतेही काम हलके नसते' असे सांगणारा असतो. त्याचा हिशेब सरळ असतो: वस्तू दीड हजाराची, तर ती बसविण्याचे फार तर तीनशे रुपये. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मोटारीच्या हीटरची जाळी हे उदाहरण मी घेणार आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या अंकात दरवर्षी श्रमाच्या थोरवीवर एखादी कविता असतेच. त्या श्रमात नेमके काय काय असते, हे एकदा गद्यात सांगितले तर संपादक मंडळाने रागावू नये.

माझे मामा नाशिकबाहेर मुंबई-आग्रा रस्त्यालगत गॅरेज चालवितात. रविवारी आणि सुटीत मी तेथे त्यांच्या हाताखाली असतो. पुढचे सारे तेथे पाहिलेले आहे.

हीटर म्हणजे मोटारीत बसविलेली विजेची शेगडी, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा, गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. बरीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि बरीच इंजिनाच्या पोकळ भिंतींतून खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात शिरते. याच पाण्याचा एक लहानसा फाटा दोन रबरी नळ्यांनी, इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून आत आणलेला असतो. तेथे डॅशबोर्डच्या पोटात शंभर पानी वहीएवढी एक जाळी असते: बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या पाकळ्या. रेडिएटरचे शेंडेफळच म्हणा ना. पंखा तिच्यावर वारा सोडतो, वारा तापतो आणि आपल्या पायांवर व समोरच्या काचेवर येतो. एरवी वाया गेली असती अशी ही ऊब आहे. तिच्यासाठी निराळे पेट्रोल जळत नाही.

आपल्याकडे हीटर हवा कशाला, असे मुंबईकर विचारतील. त्यांनी पौषातल्या एखाद्या पहाटे निफाडला यावे. पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि मोटारीची काच आतून अशी धुरकटते की बॉनेटसुद्धा दिसू नये. काचेवर गरम वारा सोडल्याखेरीज इलाज नसतो. या जाळीचा आणखी एक उपयोग घाटात गाडी चालविणाऱ्यांना तोंडपाठ असतो. चैत्र-वैशाखात कसारा घाट चढताना इंजिन तापू लागले आणि काटा लाल रेषेकडे सरकला, की जुने चालक खिडक्या उघडतात आणि हीटर पूर्ण सोडतात. चालकाला घाम फुटतो, पण इंजिनाला दुसरा एक छोटा रेडिएटर मिळतो आणि काटा खाली येतो. मामा म्हणतात, "आपण उकडायचं, इंजिन वाचवायचं."

आता ही जाळी गळू लागली म्हणजे काय होते ते पाहू.

गेल्या हिवाळ्यात निफाडकडचे एक गृहस्थ आले. वीस वर्षांहून जुनी छोटी गाडी. एसी नाही, हीटर आहे. पहाटे माल घेऊन बाजार समितीत जाणारा माणूस. तक्रार अशी की, काच आतून धुरकटते, पुसली तर तेलकट ओरखडे उमटतात, आणि डाव्या बाजूचा पायाखालचा गालिचा सारखा ओला असतो. अगोदर एका ठिकाणी दाखविली होती. तेथे पावसाचे पाणी झिरपते असे सांगून पुढच्या काचेचे रबर बदलून दिले होते. पौषात पाऊस कुठला, हे कोणी विचारले नाही!

मामांनी आधी गाडी सुरूच केली नाही. गालिचा दाबला आणि बोटाला लागलेला ओलावा अंगठ्याने चोळला. साधे पाणी चोळले की वाळते; हे बुळबुळीत राहिले. वास घेतला, तर गोडसर. बॉनेट उघडून कूलंटची बाटली पाहिली. पातळी खालच्या रेषेच्याही खाली. वाकून गाडीखाली पाहिले, जमीन कोरडी. म्हणजे पाणी कमी होते आहे, पण रस्त्यावर सांडत नाही. तेलाची कांडी काढून पाहिली, तेल स्वच्छ. मग गाडी सुरू करून धूर पाहिला, पांढरा नाही. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटातही जात नाही. गाडीत एसी नाही, तेव्हा त्याचे ठिबकणारे पाणी म्हणावे तर तेही नाही. उरले काय? "हीटरची जाळी गेली," मामा म्हणाले. दहा मिनिटे लागली असतील.

(काही लोक हे पाणी जिभेला लावून पाहतात. कृपा करून तसे करू नये. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी असते. गोडीमुळे कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटतात आणि मरतात. म्हणून मामा ते कधी गटारात ओतत नाहीत, झाकणाच्या डब्यात भरून ठेवतात.)

आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नीचे अनुमान हे उदाहरण येते. एकेक शक्यता बाद करीत शेवटी उरेल ती स्वीकारणे, यालाही आपल्या नैयायिकांनी नाव दिले आहे: परिशेष. वर्गात हे लिहिले की गुण मिळतात. गॅरेजात हे केले की काहीच मिळत नाही, कारण निदानाचे पैसे मेस्त्रीला देण्याची आपल्याकडे रीत नाही. डॉक्टरांनी नाडी पाहून 'काही नाही, विश्रांती घ्या' म्हटले तरी आपण फी ठेवून उठतो. मेस्त्रीने बॉनेट उघडून 'काही नाही' म्हटले तर आपण म्हणतो, 'मग कशाचे पैसे?'

जाळी गळते का? मुख्य कारण आपण तीत जे घालतो ते. कूलंट महाग म्हणून लोक बोअरचे पाणी ओततात. बादलीत सोडावयाच्या हीटरच्या कांडीवर जो पांढरा थर बसतो तोच या बारीक नळ्यांतही बसतो. शिवाय गंज धरतो आणि धातू आतून कुरतडला जातो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, ती काही वर्षांनी संपतात. ते वेळच्या वेळी बदलावे लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

गळणाऱ्या जाळीवर तीन उपाय चालतात. पहिला हळदीचा. ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. आडरानात गाडी बंद पडली तर घरी पोहोचण्यापुरती ही युक्ती खरोखर कामाची आहे. परंतु कोणते भोक गळतीचे आणि कोणती नळी कामाची, हे हळदीला कळत नाही. हीटरच्या नळ्या सर्वांत बारीक, त्या आधी तुंबतात. दुसरा उपाय बायपासचा. आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन्ही नळ्या काढून बाहेरच्या बाहेर एकमेकींना जोडावयाच्या. अर्ध्या तासाचे काम. गळती बंद, हीटरही बंद. ज्याला हीटर कधी लागतच नाही त्याला हा मार्ग पुरतो; मामाही तो करून देतात. तिसरा उपाय जाळी बदलण्याचा.

या तिन्हींतला कोणता निवडावा, हे गाडीच्या गरजेवरून ठरायला हवे. प्रत्यक्षात ते मजुरीच्या आकड्यावरून ठरते. निफाडच्या गृहस्थांना पहाटेची काच स्वच्छ हवी होती, म्हणजे जाळी बदलणे भाग होते. जाळी दीड हजाराची. तिची किंमत त्यांनी मान्य केली, घासाघीस नाही. मजुरी मामांनी चार हजार सांगितली आणि वर शीर्षकात दिलेले वाक्य आले.

तर चार हजारांत काय होते ते सांगतो.

इंजिन पूर्ण निवेपर्यंत हात लावावयाचा नाही, कारण रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखेच दाब धरून असते. गरम असताना फिरविले तर उकळते पाणी तोंडावर येते. मग बॅटरीची तार काढावयाची. कूलंट टबमध्ये काढून घ्यावयाचे. इंजिनाच्या बाजूने हीटरच्या दोन नळ्या सोडवावयाच्या; वीस वर्षांत रबर धातूला असे चिकटलेले असते की ओढाताण करण्यापेक्षा ब्लेडने उभी चीर देऊन नळीच टाकून द्यावी आणि नवी घालावी. येथवर सोपे आहे. यापुढे आत शिरावे लागते. आधी खुर्च्या मागे सरकवून मधली पट्टी काढायची, मग समोरचा खण, रेडिओ, हीटरच्या तारा ओढणाऱ्या खुंट्या, स्टिअरिंगखालची झाकणे, काट्यांची तबकडी आणि शेवटी अख्खा डॅशबोर्ड. वीस वर्षे उन्हात तापलेले प्लॅस्टिक बिस्किटासारखे झालेले असते. कोठे एक खुंटी तुटली तर पुढे आयुष्यभर खडखड ऐकू येणार आणि दोष मेस्त्रीला. म्हणून येथे जोर करावयाचा नसतो. कोणता स्क्रू दिसत नाही, पण आहे, हे हाताने चाचपून ओळखावे लागते. मामा डोळे मिटून चाचपतात. त्यांना विचारले तर म्हणतात, "डोळ्यांनी जिथं दिसत नाही तिथं डोळे कशाला उघडे ठेवू?"

स्क्रू साठ-सत्तर निघतात. मामा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडतात आणि बसविताना उजवीकडून डावीकडे येतात. मी मोबाइलवर फोटो काढतो आणि कागदावर प्रत्येकाचे ठिकाण लिहितो. मामांना आधी याचे हसू आले. आता कुणी आल्यावर 'भाच्याने नकाशा काढलाय' असे सांगतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतली तार चिरडू शकते, तेव्हा हा क्रम काही शिस्तीचा सोस नाही.

डॅशबोर्ड उतरला की हीटरची पेटी दिसते. तिच्यातून जुनी जाळी निघते, कूलंटने चिकट झालेली, पाकळ्यांत वाळलेली पाने आणि धूळ. नवी जाळी तशीच बसवावयाची नाही. तिची दोन्ही तोंडे बंद करून, हवा भरून, टबातल्या पाण्यात बुडवून पाहावयाची. बुडबुडे आले तर दुकानदाराला परत. मामा हे प्रत्येक वेळी करतात, कारण गळती नंतर सापडली तर हे सारे पुन्हा उतरवावे लागेल आणि तेव्हा मजुरी कोणी देणार नाही. मग कडेने फोमच्या पट्ट्या लावावयाच्या, नाही तर वारा जाळीला वळसा घालून थंडच बाहेर येतो. नव्या नळ्या, नव्या क्लिपा. ओला गालिचा आणि त्याखालचे फेल्ट काढून उन्हात, नाही तर तळचा पत्रा सडतो. सगळे परत चढविले की कूलंट आणि बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी समसमान मिसळून भरावयाचे. हीटरची खुंटी गरमवर ठेवून इंजिन चालवावयाचे, म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा राहिली तर डॅशबोर्डच्या मागे गुळगुळ असा आवाज येतो आणि नवी जाळी असूनही वारा गार लागतो. हा आवाज थांबेपर्यंत मामा जेवायला उठत नाहीत.

दोन माणसे, दोन दिवस. त्यात जाळी बसविण्याचा भाग फार तर वीस मिनिटांचा. गिऱ्हाईक त्या वीस मिनिटांकडे बोट दाखविते. जाळीपर्यंत काही न मोडता जाणे आणि काही न विसरता परत येणे, याचे ते चार हजार आहेत. गाडीत एसी असता तर गॅस काढणे आणि पुन्हा भरणे हे आणखी निराळे झाले असते.

ग्राहकाचीही एक बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी पौषात पावसाचे पाणी दाखवून रबराचे पैसे घेतले, त्यांनी पुढच्या प्रामाणिक मेस्त्रीची मजुरी अगोदरच संशयित करून ठेवली. पण संशय फक्त मजुरीवरच का येतो? वस्तूवर किंमत छापलेली असते आणि छापील किमतीपुढे आपण मान तुकवितो. माणसाच्या तोंडून आलेली किंमत मात्र कमी करून घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वास्तविक छापील किंमत ही काही देववाणी नव्हे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू न देता बाजार आपल्या मुठीत ठेवला, असा ठपका त्यात होता. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तो भाग वेगळा. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा मोटारी हेही तिच्या विषयांपैकी एक क्षेत्र होते. एवढे सारे वस्तूंच्या बाबतीत घडले, तरी आमच्या गॅरेजात वस्तूच्या किमतीवर कोणी आवाज चढविलेला मी ऐकलेला नाही.

मजुरी देण्याची आपली तयारी नाही, याचा परिणाम वस्तूंवरही होतो. पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात जाळ्या तांब्या-पितळेच्या असत. मामांच्या शेजारी एक रेडिएटरवाला होता. जाळी गळली की तो तिला पाण्यात बुडवून बुडबुडा शोधी, ती जागा घासून कथिलाचा डाक लावी, अगदीच गेलेली नळी बंद करून टाकी आणि तीच जाळी पुढे अनेक वर्षे चाले. आता जाळ्या ॲल्युमिनियमच्या, टोकांना प्लॅस्टिकच्या पेट्या पत्रा मुडपून बसविलेल्या. हलक्या आणि स्वस्त, ही गोष्ट खरी. पण त्यांना कथिलाचा डाक धरत नाही. गेली की फेकायची. शेजारचा माणूस आता तयार जाळ्या विकतो. कमाई पूर्वीपेक्षा बरी आहे, असे तोच सांगतो. त्याचा मुलगा डाक लावायला शिकला नाही. शिकून करणार काय?

आणि आम्ही शिकलेले लोक? १९३७ साली आपल्याच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची कल्पना तेथे मांडली गेली. हातांच्या उद्योगातूनच डोक्याचे शिक्षण व्हावे, असा तिचा गाभा. त्यावर आम्ही टीप लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना आहे आणि तिच्यामुळे माझ्यासारख्या अनेकांचे शिक्षण चालू आहे, याबद्दल कृतज्ञता आहे. तरीही सकाळी बागेत कमवायचे आणि दुपारी वर्गात शिकायचे, अशी तिची दोन खाती आहेत. बागेतल्या दोन तासांत कोणी काही शिकले का, हे विचारण्याची सोय त्या वहीत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गाने एखाद्या गॅरेजच्या एका आठवड्याच्या बिलांचा अभ्यास करावा, तर्कशास्त्राच्या वर्गाने एखाद्या मेस्त्रीचे निदान लिहून काढून त्यातील पायऱ्या तपासाव्यात, असे मला वाटते. प्राध्यापकांपैकी कोणाला हे पटले तर मामांशी बोलण्याची जबाबदारी माझी. फक्त चहाचे पैसे मामा घेणार नाहीत, त्यावर वाद घालू नये.

निफाडच्या गृहस्थांचे शेवटी साडेतीन हजारांवर मिटले. दिवाळीपासून बिले मी लिहितो. पूर्वी 'लेबर' अशी एक ओळ असे. मी तिच्या सहा ओळी केल्या: निदान, कूलंट काढणे, डॅशबोर्ड उतरविणे, जाळीची चाचणी व बसविणे, डॅशबोर्ड चढविणे, हवा काढणे. मामांना वाटले, लोक वाचणार नाहीत. लोक वाचतात. एकाने 'हवा काढणे' या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हवेचेही पैसे?" दुसऱ्याने मात्र सहाच्या सहा ओळी वाचल्या, जुनी जाळी मागून घेतली, हातात उलटसुलट फिरविली आणि काही न बोलता पूर्ण पैसे दिले.

हे लिहीत असताना गॅरेजात एक गाडी उभी आहे. पाणी पिवळेधमक, म्हणजे हळद पडलेली. मालकांना घाटमाथ्यावर मुलीच्या गावी जायचे आहे आणि हीटर हवा आहे. सहा ओळींचा अंदाज लिहून दिला आहे. विचार करून सांगतो म्हणाले.